शेगडी वाढव

दारव्ह्याच्या त्या कॉलनीत कुणाच्या घरी नळ गळू लागला, बटणातून ठिणगी उडाली किंवा गॅसच्या नळीचा वास आला, की प्लंबरच्या आधी पांढरीपांडे साहेबांना हाक जायची. चंद्रशेखरराव पांढरीपांडे बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण तसं त्यांना कुणी सांगितलं नसावं. खिशाला पेन, हातात टेस्टर, चष्मा कपाळावर, असे ते निघत. नळ दुरुस्त होईपर्यंत घरमालकाला पाणी या विषयावर अर्धा तास ऐकावं लागे. लोक ऐकत, कारण नळ खरंच दुरुस्त होई.

मारेगाव, महागाव, पुसद अशा बदल्यांत त्यांची बत्तीस वर्षं गेली. आश्रमशाळा, वसतिगृहं, दवाखाने तपासणं हे त्यांचं काम. इमारतीत शिरले की साहेब आधी मान वर करत आणि झरोके मोजत. स्वयंपाकघरात झरोका कमी दिसला की शेरा ठरलेला: 'वायुवीजन अपुरे. तात्काळ पूर्तता करावी.' ठेकेदार मागे हसायचे की या माणसाला स्वर्गात नेलं तर तिथंही आधी झरोका शोधेल. साहेबांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमानच वाटला होता.

घरासाठी त्यांची एक वही होती. गॅसची नळी कधी बदलली, गच्चीची पन्हाळी कधी साफ केली, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घातलं, सगळं तारखेसकट. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेरा. 'काम ठीक.' 'काम बरे.' एखाद्याच कामाला 'काम उत्तम' मिळे, आणि ते बहुतेक त्यांनी स्वतः केलेलं असे.

या घराची आणखी एक गंमत होती. इथं 'विझव' हा शब्द कुणी उच्चारत नसे. चंद्रशेखररावांच्या आईचा तो दंडक. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो, तसंच हे. आईंनी दिव्यावरून तो नियम चुलीला लावला, चुलीवरून स्टोव्हला. आई गेल्या, घरात गॅस आला, तरी बोलणं तेच राहिलं. जावई क्षितिज लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला आला, तेव्हा सुनीतीकाकूंनी देवघरातून हाक दिली, "अहो, तेवढा गॅस वाढवा!" जावईबापू तत्परतेने उठले आणि त्यांनी गॅस मोठा केला. शेरभर दूध ओट्यावरून खाली आलं. सगळे हसून हसून लोळले. अनघा तर अजून ती गोष्ट सांगताना डोळे पुसते.

अनघा ही त्यांची एकुलती मुलगी. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन डिसेंबरात. त्या वर्षी थंडीनं कहर केला होता. सकाळी नळाला हात लावला तर झिणझिण्या येत. मुलगी झाली, घर भरलं. मागच्या बाजूची खोली बाळंतिणीसाठी ठरली, आणि आजोबा झालेले चंद्रशेखरराव कामाला लागले. त्या खोलीच्या खिडकीला त्यांनी दिवाळीतच सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या, फटही राहू दिली नव्हती. उरला होता तो वरचा झरोका, पहाटे तिथून गार वारा यायचा. त्यांनी माप घेतलं, थर्माकोल कापलं, ते आत ठासून बसवलं आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावली. मग वहीत लिहिलं: 'मागील खोली. झरोका बंद केला. वारा पूर्ण थांबला. काम उत्तम.'

मालिशीला बबिता यायची. बोरी अरबच्या रस्त्याला लागून तिचा तांडा. पस्तिशीची, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. कॉलनीतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हाली होती. पहिल्याच दिवशी अनघाला आणि बाळाला न्हाऊ घालून तिने खोलीत कोळशाची शेगडी आणली, वर ओवा टाकला, शेक दिला. मग वर बघितलं आणि बाहेर येऊन चंद्रशेखररावांना विचारलं, "काका, तो झरोका काहून बुजवला?"

"वारं लागतं ना बाळंतिणीला."

"मंग शेगडीचा धूर कुठून जाईन?"

चंद्रशेखरराव हसले. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "अगं, कोळशाला धूर नसतो. लाकडाला असतो. तुझ्या घरी चूल आहे, म्हणून तुला वाटतं."

"धूर नसला तं का झालं काका, हवा तं लागते." एवढं बोलून ती बाळाचे कपडे धुवायला गेली. काकांनी पेपर उघडला. मालिशवालीकडून वायुवीजन शिकायची वेळ अजून त्यांच्यावर आली नव्हती.

आठ दिवस निभावलं ते सुनीतीकाकूंमुळे. त्या शेक होईपर्यंत दार किलकिलं ठेवत आणि दहा मिनिटांत शेगडी अंगणात नेऊन ठेवायला लावत. अनघा दोनदा म्हणाली की डोकं दुखतंय. अशक्तपणा असतो, असं सगळ्यांनी ठरवलं.

नवव्या दिवशी सकाळी सुनीतीकाकू बारशाच्या साड्या आणायला बाजारात गेल्या. जाताना नवऱ्याला बजावून गेल्या, "शेक झाला की आठवणीनं शेगडी वाढवायला सांगा हं." चंद्रशेखरराव बैठकीत वाचत बसले होते. शेक आटोपला तशी बबिता दाराशी आली. "काका, शेक झाला. ताईले झोप येऊन राह्यली. शेगडीचं का करू?"

पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "शेगडी वाढव."

बबिता उभी राहिली. "वाढवू?"

"हो, वाढव."

"पुरी?"

"पूर्ण वाढव म्हटलं ना. आणि दार नीट लावून घे, वारं जातंय."

बबिताने पोत्यातून कोळसे काढले, शेगडी काठोकाठ भरली, फुंकून लाल केली, पलंगापासून हातभर लांब ठेवली. मोठा माणूस, इंजिनेर, दोनदा विचारलं तर दोनदा तेच म्हणाला. तिने दार लावून घेतलं आणि मागे धुण्याला बसली.

पाऊण तासाने ती अनघासाठी ओव्याचं पाणी घेऊन आत गेली. चंद्रशेखररावांना आधी पेला पडल्याचा आवाज आला, मग बबिताची किंकाळी. ते धावले. अनघाला हलवलं तरी ती उठत नव्हती. बाळाने मान टाकली होती. बबिताने बाळ उचलून त्यांच्या हातात कोंबलं, "अंगणात न्या, अंगणात!" असं ओरडली, आणि ती रसरसलेली शेगडी नुसत्या हातांनी उचलून मागच्या दारातून बाहेर भिरकावली. मग अनघाला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. चंद्रशेखरराव बाळ घेऊन उभेच होते. बत्तीस वर्षं तपासणी करणाऱ्या माणसाला त्या क्षणी काहीही सुचलं नाही. बाळाच्या पाठीवर थोपटून थोपटून त्याला पहिलं रडवलं ते बबिताने. तिच्या तळव्यांची कातडी तेव्हा सोलून निघाली होती.

दोघी वाचल्या, ते आधीच सांगून टाकतो. गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिथून यवतमाळला नेलं, चौथ्या दिवशी घरी आणलं. अंगणात हवा मिळायला आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर ही गोष्ट कुणी सांगितली नसती.

गावातल्या त्या दवाखान्यातच ते घडलं, ज्याच्यासाठी हे सगळं सांगायचं. डॉक्टर बाहेर आले. सुनीतीकाकू बाजारातून तशाच धावत आल्या होत्या, हातात साड्यांची पिशवी होती. बबिता भिंतीशी, तळहात वर करून बसलेली. डॉक्टर रागावलेले होते. "बंद खोलीत कोळशाची शेगडी? कुणी ठेवली? हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. घरात शिकलेलं कुणी नव्हतं का?"

शिकलेलं कुणी नव्हतं का. चंद्रशेखररावांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ही मालिशवाली बाई आहे, डॉक्टर. मी तिला सांगितलं होतं, शेगडी विझव म्हणून. अडाणी माणसं, ऐकतात कुठे."

बबिताने मान वर केली. "काका, तुमी वाढव म्हनलं. म्या दोनदा इचारलं तुमाले."

"विझव म्हणालो होतो मी," चंद्रशेखरराव म्हणाले.

सुनीतीकाकूंनी नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून तो शब्द त्यांनी ऐकला नव्हता. आईंच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा उशाचा दिवा वाढवलाच जायचा. आणि बाळंतिणीच्या दाराशी उभं राहून हा माणूस म्हणाला असेल, 'विझव'? त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या बबिताच्या हातांना लावायला नर्सकडे मलम मागायला गेल्या. चंद्रशेखररावांना कळलं की हिला कळलं आहे.

पुढचं आपोआप होत गेलं. पुण्याहून क्षितिज आला तो संतापाने थरथरत होता. म्हणाला, पोलिसात तक्रार देतो, हा निष्काळजीपणा आहे. तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. गरीब बाई आहे. आपण मोठं मन करू." कॉलनीभर झालं, साहेबांनी किती मोठं मन केलं! स्वतःच्या गुन्ह्याची दुसऱ्याला माफी देऊन वर शाबासकी मिळवणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आता आरशात रोज दाढी करताना दिसायचा.

महिला मंडळाच्या विमलताईंनी मोबाईलवर सगळ्यांना कळवलं की मालिशवाल्या बायकांपासून सावध राहा, पांढरीपांड्यांकडे काय झालं ते विचारा. जानेवारीत ज्या दोन घरी बाळंतपणं होती, त्यांनी बबिताला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. तिचा हात चांगला नाही, असं कुणीतरी म्हणालं. मालिशवालीबद्दल एकदा हे म्हटलं गेलं की संपलंच.

चंद्रशेखरराव स्वतःची समजूत घालत राहिले. अर्थ तर तोच होता. विझव म्हणजेच वाढव. मी शब्द तेवढा बदलला, अर्थ नाही. दिवसा हे पटायचं. मग कधी बाळ शिंकलं, की सगळी समजूत घसरून पडायची. जावयाला तो शब्द कळला नाही, तेव्हा आपण हसलो. या बाईला कळला नाही, तेव्हा अडाणी म्हणालो. आणि झरोका? त्याबद्दल तर कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि चिकटपट्टी ओरबाडली. थर्माकोल इतकं पक्कं बसलं होतं की तुकड्यातुकड्यांनी काढावं लागलं. काम खरंच उत्तम झालं होतं. खाली उतरले तेव्हा दारात सुनीतीकाकू उभ्या होत्या.

"वहीत लिहा," त्या म्हणाल्या. "झरोका उघडला म्हणून." आणि आत निघून गेल्या. महिनाभरात त्या नवऱ्याशी एवढंच काय ते धड बोलल्या.

बारसं सव्वा महिन्यावर गेलं होतं. त्याच्या चार दिवस आधी चंद्रशेखररावांनी स्कूटर काढली आणि ते तांड्यावर गेले. बबिताच्या सासूने, रुपीबाईने, त्यांना खाट टाकून दिली. म्हातारी चुलीपाशी भाकरी थापत होती. साहेबांची मान सवयीने वर गेली. चुलीच्या बरोब्बर वर टिनाचा एक पत्रा वीतभर उचलून खाली दगड लावला होता. धूर सरळ रेषेत तिथून बाहेर चालला होता. अपुरे काहीच नव्हते.

"पावसात पाणी येत असेल," ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"येते थोडं," रुपीबाई म्हणाली. "पुसून घेतो. पन बंद नाही करत."

बबिता बाहेरून आली. तळव्यांवर नवी गुलाबी कातडी धरली होती, बोटं पूर्ण मिटत नव्हती. ती बसली नाही. चंद्रशेखररावांनी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, पण ते हात बघितल्यावर त्यातलं काही उरलं नाही. "बबिता, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी वाढव म्हणालो होतो. आमच्या घरात वाढव म्हणजे... म्हणजे बंद कर. तुला कसं कळणार? आणि दवाखान्यात मी खोटं बोललो."

त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, असू द्या काका. इतकी वर्षं ती कॉलनीत कुणालाही उलटून बोलली नव्हती.

"आमच्यात वाढव मंजे वाढव," बबिता म्हणाली. "पन हे मले कायले सांगता? मले तं पह्यलेपासून मालूम हाये तुमी का म्हनलं ते. म्याच आयकलं ना. ज्याहिले मालूम नाही, त्याहिले सांगा."

रुपीबाईने चहा दिला. तो त्यांनी घेतला, कारण न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं. स्कूटर सुरू व्हायला चार किका लागल्या आणि तेवढा वेळ तांड्यातली माणसं त्यांच्याकडे बघत होती.

बारशाला बैठकीत बसायला जागा नव्हती. पाळणा सजला, बाळाचं नाव स्पृहा ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग विमलताई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, सगळ्या जमल्याच आहेत, तर शेगडीची काय काळजी घ्यायची ते दोन शब्द सांगा. तुमच्यासारखा जाणकार दुसरा कोण आहे?"

चंद्रशेखरराव उठले. असे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर सांगितले होते, ते पाठ होते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. झोपताना तर मुळीच ठेवू नये. झरोका कधीही बुजवू नये. इतकं बोलून झाल्यावर त्यांची नजर पाळण्याकडे गेली. अनघा पाळण्याची दोरी धरून त्यांच्याकडे बघत होती.

"मागच्या खोलीचा झरोका मी बुजवला होता," ते म्हणाले. "माझ्या हातांनी. बबिताने पहिल्याच दिवशी मला टोकलं होतं, मी तिला हसलो. त्या दिवशी मी शेगडी विझव म्हणालोच नाही. वाढव म्हणालो. तिने दोनदा विचारलं, मी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. मी सांगितलं तसं तिने केलं. माझी लेक आणि नात वाचली ती तिच्यामुळे, आणि मी दवाखान्यात खोटं बोललो."

क्षितिजने मान खाली घातली. ते उतू गेलेलं दूध त्याला आठवलं असणार. लाजेने चंद्रशेखररावांचे कान तापले होते. आता कुणीतरी काहीतरी बोलावं, चांगलं खरमरीत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

विमलताई बोलल्या. "अय्या, म्हणजे नुसता शब्दाचा घोळ! होतं हो साहेब असं. तुम्ही तरी काय मुद्दाम केलंत?" दुसरी कुणी म्हणाली, "किती प्रामाणिक! आजकाल कोण कबूल करतं एवढं?" कुणी पाणी आणून दिलं, कुणी खुर्ची पुढे सरकवली. एका मिनिटात त्यांना माफी मिळाली, न मागता, वर कौतुकासकट. चंद्रशेखरराव खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. बायकांना वाटलं, साहेब भारावले. बबिता महिनाभर खरं बोलत होती, तिच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नव्हती.

फेब्रुवारीपासून बबिता पुन्हा कॉलनीत येऊ लागली. विमलताईंनीच तिला त्यांच्या सुनेसाठी बोलावलं. सुनीतीकाकू एकदा रस्त्यावर गाठून तिला म्हणाल्या, "आमच्याकडेही ये ना गं." ती म्हणाली, "पाहू काकू," आणि आली नाही. अनघा पुण्याला गेली. त्या खोलीत आता कुणी झोपत नाही, तरी झरोका उघडाच असतो. डास येतात, मार्चनंतर धूळ येते, चंद्रशेखरराव रोज पुसतात.

सकाळी आठच्या सुमाराला ते अंगणात झाडांना पाणी घालत असतात, तेव्हा बबिता त्यांच्या फाटकावरून जाते. फाटकाशी आली की तिची चाल जराशी मंदावते. ती मान वर करून घराच्या कडेने दिसणाऱ्या मागच्या खोलीच्या झरोक्याकडे बघते, तो उघडा आहे ना एवढं पाहून घेते. चंद्रशेखरराव पाण्याची नळी हातात धरून थांबतात. कधीतरी ती आपल्याकडेही बघेल, म्हणून ते चष्मा नीट करतात. ती बघत नाही. पुढच्या घरी लेकरू वाट बघत असतं.